लेकरू सांभाळणारीचं नाव कोणत्या कागदावर?

मैत्रिणींनो, आम्ही नागपूरच्या कळमन्याहून बोलतोय. कळमना म्हटलं की तुमच्यापैकी पुष्कळजणींना बाजार आठवेल. तुमच्या शेतातली तूर, हरभरा, सोयाबीन, संत्री, भिवापूरकडची मिरची, सारं इथं येऊन उतरतं. तुमचा माल गाडीतून उतरतो त्याच आवारात आम्ही काम करतो. धान्य चाळायचं, निवडायचं, सांडलेलं झाडून गोळा करायचं. हंगामात मिरचीचे देठ खुडायचे.

मिरचीच्या ढिगाऱ्याजवळ तुम्ही कधी दिवसभर बसल्या असाल तर आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. ठसका लागतो, नाक-डोळे वाहतात, बोटं रात्रभर जळतात. घरी आल्यावर दोनदा-तीनदा हात धुतले तरी तान्ह्या लेकराला जवळ घ्यायची भीती वाटते. आपलं बोट त्याच्या डोळ्याला लागलं तर? म्हणून मिरचीच्या कामावर लेकरू नेता येत नाही. मग त्याला ठेवायचं कुठं?

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. एक खोली, पुढं पत्र्याचं छप्पर, छपराला टांगलेला साडीचा झोका. सकाळी सातच्या आत त्यांच्याकडं पाच-सहा लेकरं जमतात. कुणी डब्यात भात आणून देतं, कुणी दुधाची बाटली. संध्याकाळी नेताना आम्ही त्यांच्या हातावर दिवसाचे थोडे पैसे ठेवतो. कामच लागलं नाही त्या दिवशी तेही देणं होत नाही. मावशी मागत नाहीत.

मागच्या वर्षी मावशींनी बचत गटाकडं कर्ज मागितलं. छपराचे पत्रे बदलायचे होते, एक कूलर घ्यायचा होता. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखाली दुपारी लेकरू टिकत नाही. अर्ज भरताना एक रकाना आला : व्यवसाय. लिहिणारीनं विचारलं, "मावशी, काय लिहू?" मावशी म्हणाल्या, "काही नाही लिही. घरीच तर असते मी."

आम्ही हसलो. मग कुणीच काही बोललं नाही. कारण मावशी "घरीच असतात" म्हणून आमच्यातल्या पाचजणी कामावर जातात.

त्या बैठकीत वाद झाला. एक तरणी पोर म्हणाली, "सरकारनं मावशींना परवाना द्यावा आणि पगारही द्यावा. उद्या लेकराला काही झालं तर कुणाला विचारायचं?" मावशी चिडल्या. म्हणाल्या, "परवाना आला की साहेब येईल. म्हणेल खोली दाखवा, संडास दाखवा, खिडकी दाखवा. एवढं दाखवायला माझ्याकडं आहे काय? मी बंद करीन. मग तुम्ही लेकरं कुठं ठेवाल ते सांगा."

दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी हे बघू की दुसऱ्याचं लेकरू सांभाळणाऱ्या बाईकडं सरकारनं आजवर कसं पाहिलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

गोळी आणि गिरणी

गोष्ट सुरू होते गिरणीपासून. आमच्या नागपुरात गांधीसागर तलावाजवळ एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. आज तिथं मॉल उभा आहे. त्या गिरणीत हजारो माणसं काम करत, त्यांत बायाही होत्या. मुंबईच्या गिरण्यांतही बाया होत्या. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर बाई काय करायची? लेकराला अफू द्यायची. बाळगोळी म्हणून ती मिळायची. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जाते असं त्यांनी लिहून ठेवलं.

आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या आयांना नावं ठेवायला आमची जीभ वळत नाही. दहा तास काम आणि घरी तान्हं लेकरू, मधे कुणीच नाही. असं असलं की माणूस काय काय करतं ते आम्ही पाहिलं आहे.

काही गिरण्यांनी कायद्याची वाट न पाहता पाळणाघरं काढली. त्यांत एम्प्रेस मिलचं नाव येतं. पण बहुतेक मालकांना ते खर्चाचं काम वाटे. १९३१ साली कामगारांच्या स्थितीवरच्या शाही आयोगाचा अहवाल आला. त्यात पाळणाघरांचा आग्रह धरला होता. मग १९३४ च्या कारखाना कायद्यानं प्रांतांच्या सरकारांना अधिकार दिला की ५० हून अधिक बाया असतील त्या कारखान्यांत सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी खोली ठेवायला लावता येईल.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या ४८ व्या कलमानं पाळणाघर सक्तीचं केलं. खोली हवेशीर हवी, उजेडाची हवी, स्वच्छ हवी. आणि त्यात एक ओळ अशी आहे की ती आम्ही पुन्हा पुन्हा वाचून घेतली : लेकरांच्या संगोपनाचं शिक्षण घेतलेल्या बायांच्या देखरेखीत ती खोली असावी. म्हणजे सांभाळणं हे काम आहे, ते शिकावं लागतं, हे कायद्यानं मान्य केलं. आधी अट ५० हून अधिक बायांची होती, १९७६ मध्ये ती ३० वर आणली.

पण मैत्रिणींनो, कायद्यानं आकडा घातला की आकड्याच्या खाली राहायची युक्तीही निघते. अट ३० ची असेल तर हजेरीपटावर २९ च बाया ठेवायच्या. उरलेल्या ठेकेदाराच्या नावावर. आणि ज्यांचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही त्यांची तर मोजदादच नाही. बाजारात आज या व्यापाऱ्याकडं, उद्या त्या व्यापाऱ्याकडं काम करणाऱ्या आम्ही कुणाच्या पटावर येणार? आता २०२० च्या नव्या कामगार संहितेत मोजणी फक्त बायांची न ठेवता ५० हून अधिक कामगारांची केली आहे. मूल बापाचंही असतं, एवढं तरी त्यात मानलं गेलं. पण पट लागतो, तो लागतोच.

खाण आणि विडी

आपल्या विदर्भात खाणी पुष्कळ. कोळसा आहे, मॅंगनीज आहे. तिथंही बाया पाट्या वाहत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. त्यांच्याच काळात, १९४५ साली, खाणीत काम करणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघराची तरतूद खाण कायद्यात आली. खाणीतल्या बाईच्या बाळंतपणाचा कायदाही त्याच वर्षांत सुधारला गेला. म्हणजे लेकरू हा एकट्या बाईच्या घरचा मामला नाही, ती ज्याच्यासाठी राबते त्याचीही जबाबदारी आहे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात बसलं.

आता विडीकडं या. भंडारा, गोंदिया, तुमसर, कामठी या भागांतल्या तुम्ही ऐकत असाल तर तुमच्या घरात कुणी ना कुणी विडी वळली असेल. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यातही पाळणाघर होतं. पण कुठं? जिथं ठरावीक संख्येहून अधिक बाया एका जागेत बसून काम करत, त्या कारखान्यात. आणि विडी तर बाया घरी वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू, बाजूला लेकरू. घरात काम आहे म्हणून पाळणाघर नाही, आणि घरात तंबाखू आहे म्हणून लेकराला मोकळा श्वास नाही.

इथवर वाचल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कायदा गिरणीच्या फाटकापर्यंत येतो, खाणीच्या तोंडापर्यंत येतो. घराच्या उंबऱ्याशी मात्र थांबतो.

अंगणाचं नाव

तो उंबरा ओलांडायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्ही ऐकली असतील. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या गरीब लेकरांसाठी काम सुरू केलं. अनुताई तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली लेकरं येईनात. कुणाच्या कमरेवर धाकटं भावंड, कुणी गुरांमागं.

मग या दोघींनी उलटं केलं. लेकरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी लेकरांच्या अंगणात न्यायची. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात लेकरं गोळा करायची, हात-तोंड धुवायचं, गाणी म्हणायची, खेळायचं. तिचं नाव पडलं अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडली, म्हणजे मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळत घरी बसायला नको.

यातली मोठी बहीण आमच्या ओळखीची आहे. आमच्यातल्या कितीजणींची शाळा धाकट्या भावंडामुळं सुटली, ते हात वर करून मोजलं तर अर्धी बैठक हात वर करील. लेकरू सांभाळायला कुणी नसलं की आईचा रोज बुडतो, नाहीतर पोरीची शाळा बुडते. तिसरा रस्ता नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज ती गावोगाव आहे आणि तिच्यामुळं लाखो लेकरांना आहार, लसीकरण, वजनाची नोंद मिळाली. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, अंगणवाडी चालते काही तास, आणि तीन वर्षांखालच्या लेकराला तिथं दिवसभर ठेवता येत नाही, त्याचा आहार घरी नेऊन द्यायचा असतो. सकाळी सातला कामावर जाऊन सांजेला परतणाऱ्या बाईचा प्रश्न त्यानं सुटत नाही. दुसरी, जिनं हे काम करायचं ती सेविका आणि मदतनीस सरकारच्या लेखी 'मानसेवी'. तिला पगार नाही, मानधन. नाव मानाचं आहे, पण मान वेगळा आणि धन वेगळं, हे महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोर्चे काढून, संप करून सांगितलं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. योजना सुरू झाल्यापासून ४७ वर्षांनी.

पैसा आला, पण कुणाच्या हातून?

त्याच १९७५ साली आणखी एक योजना निघाली होती. काम करणाऱ्या आणि आजारी आयांच्या लेकरांसाठी पाळणाघरं. सरकार अनुदान देई, संस्था पाळणाघर चालवी, एका पाळणाघरात २५ लेकरं. १ जानेवारी २००६ पासून ती राजीव गांधींच्या नावानं राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. २०१७ पासून खर्चाची वाटणी बदलली : केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ३० आणि चालवणाऱ्या संस्थेचे १०. पाळणाघर सेविकेला महिन्याला ३,००० रुपये आणि मदतनिसाला १,५०० रुपये ठरले. हिशेब करून बघा, दिवसाचे किती पडतात. आमच्या मिरचीच्या रोजाहून कमी.

मग व्हायचं तेच झालं. एकेकाळी देशात अशी वीस हजारांहून अधिक पाळणाघरं होती. २०२० च्या सुमाराला ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ पासून ही योजना 'पाळणा' या नावानं मिशन शक्तीत घेतली. आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे, देशभरात १७,००० ठिकाणी. सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं, दिवसाला साडेसात तास.

योजना चांगली आहे. पण पहिल्यापासून आजवर पैसा एक तर संस्थेच्या हातून आला किंवा खात्याच्या. पाच लेकरं सांभाळणाऱ्या मावशीपर्यंत यायला त्याला वाटच ठेवली नाही. तिच्याकडं संस्था नाही, नोंदणी क्रमांक नाही, हिशेब तपासणारा नाही. २५ लेकरंही नाहीत.

एका ठिकाणी मात्र ही वाट सापडली, आणि ती आपल्या ओळखीची आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या सासवांनी पाहिला. खडी फोडायला बाया गेल्या, लेकरं उन्हात. त्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर पाणी, सावली आणि लेकरांची सोय हवी हे तिच्या नियमांत आलं. पुढं २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. त्यात लिहिलं : कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं असतील तर त्यांतल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमावं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी.

हे पुन्हा एकदा ऐका. माती खणणारीला जो रोज, तोच रोज लेकरं सांभाळणारीला. मानधन नाही, मजुरी. पाच लेकरं पुरेत, ३० बाया लागत नाहीत. संस्था लागत नाही, आपल्यातलीच एक चालते. गेल्या शंभर वर्षांच्या कागदांत आम्हाला मावशीच्या सगळ्यात जवळची ओळ सापडली ती ही. कामावर ती किती पाळली जाते ते तुम्हीच आम्हाला सांगा. कायदे बदलतात, योजनांची नावं बदलतात. पण ही ओळ गळू द्यायची नाही. ग्रामसभेत विचारत राहायचं.

दुसऱ्या देशांत काय झालं

आता परवान्याचं बघू. ज्यांच्याकडून आपण कारखान्याचा कायदा शिकलो त्या इंग्रजांच्या देशात घरी लेकरं सांभाळणाऱ्या बाया पूर्वीपासून आहेत. तिथं १८७० मध्ये एका बाईकडं ठेवलेली तान्ही बाळं दगावल्याचं प्रकरण गाजलं. त्या मुलांना अफूच पाजलेली होती. १८७२ मध्ये कायदा झाला, की पैसे घेऊन एक वर्षाखालची एकाहून जास्त बाळं दिवसरात्र ठेवणाऱ्या घरांनी नोंदणी करावी. तेव्हा तिथल्या स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्यांनीच विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, यानं गरीब बाईच अडचणीत येईल. म्हणजे आमच्या मावशींचा वाद दीडशे वर्षं जुना आहे.

१९४८ साली, म्हणजे आपल्याकडं कारखाना कायदा झाला त्याच वर्षी, ब्रिटननं दिवसभर घरी लेकरं सांभाळणाऱ्या बायांच्या नोंदणीचा कायदा केला. किती लेकरं ठेवायची यावर बंधन आलं. आज इंग्लंडमध्ये अशी एक बाई आठ वर्षांखालची सहापर्यंत लेकरं ठेवू शकते, त्यांत पाच वर्षांखालची साधारण तीनच. घराची तपासणी होते, प्रथमोपचाराचं शिक्षण घ्यावं लागतं. लेकरांच्या दृष्टीनं हे चांगलंच. पण परवाना आधी आला आणि सरकारचा पैसा जवळजवळ पन्नास वर्षांनी. तोही पुरेना, कागद मात्र वाढत गेले. १९९० च्या दशकात तिथं लाखाच्या आसपास अशा बाया होत्या. २०२४ पर्यंत त्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरल्या.

कोलंबिया नावाचा दक्षिण अमेरिकेतला देश उलट्या वाटेनं गेला. तिथं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारनं वस्तीतल्या बायांच्या घरांतच पाळणाघरं सुरू केली. त्या बायांना 'वस्तीची आई' म्हणतात. एकीकडं बारा-चौदा लेकरं, सरकारकडून शिधा आणि थोडे पैसे. त्या पैशाला पगार म्हणायचं नाही, 'शिष्यवृत्ती' म्हणायचं. आपल्या मानधनाची सख्खी बहीण! त्या बाया संघटित झाल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१४ मध्ये त्यांना किमान वेतन आणि कामगाराचा करार मिळाला. लागली ती साधारण २७ वर्षं.

मग मावशींचं काय?

आपल्या देशात शेजारची पाच लेकरं घरी सांभाळणाऱ्या बाईसाठी परवान्याचा वेगळा कायदा नाही. मोठ्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका पाळणाघरात लेकराला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं, तेव्हा राज्यभर आरडाओरडा झाला आणि परवान्याची मागणी झाली. ती मागणी रास्तच होती. बोलता न येणाऱ्या लेकराच्या बाजूनं कुणीतरी बघायलाच हवं. पण तेव्हा जी चर्चा झाली ती शहरातल्या पैसे भरणाऱ्या आईबापांच्या पाळणाघरांची. पत्र्याच्या छपराखालच्या झोक्याची चर्चा कुणी केली नाही.

हे सगळं वाचून, ऐकून आम्ही पुन्हा बैठक घेतली. मावशींनाही बोलावलं. तास-दोन तास बोलणं झालं. शेवटी आमचं एकमत झालं ते असं.

नुसता परवाना नको. नुसत्या परवान्यानं मावशी बंद पडेल आणि लेकरू पुन्हा मिरचीच्या ढिगाऱ्याजवळ येईल, नाहीतर पोरीची शाळा सुटेल. नुसता पैसाही नको. लेकराला काय खायला घातलं, कुठं झोपवलं, किती लेकरं एका खोलीत कोंबली, हे बघणारं कुणी नसेल तर आमचाच जीव टांगणीला. दोन्ही एका हातानं यायला हवं. ज्या हातानं साहेब खिडकी मोजेल, त्याच हातानं त्यानं खिडकीचे पैसे द्यावेत. आणि त्या पैशाला मजुरी म्हणावं.

हे मावशींना पटलं. त्या म्हणाल्या, "असं असेल तर येऊ दे साहेबाला. चहा देईन."

सरकार हे कधी करील ते करील. तोवर आम्ही आमच्यापुरतं काही सुरू केलं आहे, तुम्हालाही करता येईल म्हणून सांगतो. मावशींकडच्या प्रत्येक लेकराचं नाव अंगणवाडीत घातलं, म्हणजे आहार आणि लस चुकत नाही. एक वही केली. तीत लेकराचं नाव, आल्याची वेळ, नेण्याची वेळ, कोण नेणार, कोणाला फोन करायचा, काय चालत नाही, हे सगळं लिहायचं. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून सातवीतली एक पोर संध्याकाळी वही भरते. सहाच्या वर लेकरं घ्यायची नाहीत असं मावशींनी स्वतःच ठरवलं. काम लागो न लागो, आठवड्याचे पैसे ठरलेल्या दिवशी द्यायचे, हे आम्ही ठरवलं. सगळ्यात अवघड आम्हाला तेच गेलं.

तुमच्या गावात आणखी एक करता येईल. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना गटाच्या नावानं अर्ज द्या, की आमच्या अंगणवाडीला पाळणा योजनेतून पाळणाघर जोडता येईल का. अर्जासोबत कामावर जाणाऱ्या आयांची आणि तीन वर्षांखालच्या लेकरांची यादी लावा. कायद्याला आकडा लागतो हे आपण पाहिलं. तर आकडा आपणच मोजून द्यायचा. पोच घ्यायला विसरू नका.

आणि हो, मावशींच्या कर्जाचा अर्ज. तो आम्ही नवा भरला. कर्ज मंजूर झालं, पत्रे बदलले, कूलर आला. व्यवसायाच्या रकान्यात आता लिहिलं आहे : लेकरं सांभाळणे. लिहिणारीनं वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाच."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तुमच्याही वह्या उघडा आणि बघा, किती जणींच्या नावापुढं 'काही नाही' लिहिलं आहे.